पानाच्या कडेची जागा

तुमच्यापैकी कुणी कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याने एस.टी.ने गेलं आहे का? खिडकीची जागा मिळाली असेल, तर तुम्ही पाहिलंच असेल. दर दोन-चार शेतांआड एक पाटी उभी. 'फार्महाऊससाठी प्लॉट विकणे आहे', 'नदीकाठी बंगला', 'सिमेंट घ्या तर अमक्याचंच'! आणि तिकडे खालापूरच्या टोलनाक्याजवळ, द्रुतगती मार्गावर, घराएवढाले फलक. गाड्यांचा वेग कमी होतो, माणसं वर बघतात आणि वाचायचं नसलं तरी वाचतात.

आमच्या शाळेच्या वळणावर एका आजोबांचं घर आहे. त्यांची रस्त्याकडची भिंत एका सिमेंट कंपनीने पिवळीधमक रंगवून दिली आहे. मी एकदा विचारलं, "आजोबा, भिंतीचं भाडं किती मिळतं हो?" आजोबा हसले. "भाडं कसलं, बाई! फुकटात भिंत रंगवून मिळाली, तेच रग्गड." मग जरा थांबून म्हणाले, "पण शेजारच्याची भिंत का नाय रंगवली, सांगा बघू. माझं घर वळणावर हाय. गाडी इथं हळू होते."

पाहा, आजोबा शाळेत चौथीपर्यंतच गेलेले, पण जाहिरातीच्या धंद्यातली मुख्य गोष्ट त्यांना बरोबर कळली होती. जाहिरातदार तुमची भिंत विकत घेत नाही. भिंतीकडे वळणारे डोळे विकत घेतो.

इंटरनेटवरच्या वेबसाइटचं, म्हणजे संकेतस्थळाचं, अगदी असंच असतं. तुम्ही बाबांच्या फोनवर 'माथेरानची गाडी किती वाजता सुटते' असं शोधता. एक पान उघडतं. मधे माहिती असते आणि वर, खाली, कडेला जाहिराती असतात. ती कडेची जागा म्हणजे आजोबांची भिंत. त्या जागेचे पैसे संकेतस्थळाच्या मालकाला मिळतात. किती मिळतात, कसे मिळतात आणि कधी हातातून जातात, हे मी तुम्हाला सांगणार आहे. कारण आमच्याच घरी हे सगळं घडलं आहे. आणि त्यातली एक मोठी चूक माझी होती.

तसं पाहिलं तर वाचायच्या मजकुराशेजारी जाहिरात छापायची कल्पना फार जुनी आहे. आपल्या देशातलं पहिलं छापील वर्तमानपत्र जेम्स ऑगस्टस हिकी याने २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यात काढलं. त्याच्या नावातच 'जाहिरातदार' अशा अर्थाचा शब्द होता! आपल्या बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं ६ जानेवारी १८३२ रोजी. इंटरनेटवर मात्र जाहिरातीची पहिली पट्टी यायला २७ ऑक्टोबर १९९४ हा दिवस उजाडावा लागला. 'हॉटवायर्ड' नावाच्या अमेरिकन संकेतस्थळावर एका टेलिफोन कंपनीची ती जाहिरात होती. पुढे २००३ मध्ये गुगलने 'अ‍ॅडसेन्स' सुरू केलं आणि लहानसहान संकेतस्थळांच्या मालकांनाही आपल्या पानावर जाहिराती लावता येऊ लागल्या. कुणाच्या दारात जाऊन 'जाहिरात द्या हो' म्हणायला नको. अर्ज करायचा, मंजूर झाला की त्यांनी दिलेल्या चार ओळी आपल्या पानात चिकटवायच्या.

पण मराठी माणसाला एक अडचण होती. जाहिरात कुठली दाखवायची हे ठरवायला त्या यंत्राला पान वाचता यावं लागतं, आणि मराठी त्या यादीतच नव्हती. हिंदी आली २०१४ मध्ये, बंगाली २०१७ मध्ये. तमिळ, तेलुगू आणि आपली मराठी आली २०१८ मध्ये. म्हणजे मराठीतून लिहून जाहिरातीचे पैसे मिळवणं ही गोष्ट तुमच्यापैकी काहींच्या वयाहूनही लहान आहे! (नुसतं पानच नाही बरं का, संकेतस्थळाचा पत्तासुद्धा आता देवनागरीत असू शकतो. 'डॉट भारत' असे पत्ते ऑगस्ट २०१४ पासून मिळतात.)

माझा धाकटा भाऊ नेरळला राहतो. त्याला डोंगर चढायचं भारी वेड. कोथळीगड, ढाक, सोंडाई, इर्शाळगड... रविवारी घरी म्हणून सापडायचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तोच माहिती सांगत बसायचा. खोपोलीच्या लोकलला पळसदरीला उतरावं की केळवलीला, आंबिवली गावातून पेठला चढताना पाणी कुठे मिळतं, कोंढाणे लेण्यांकडे जाताना पावसाळ्यात वाट कुठे निसरडी होते, असं सगळं. एकदा आई वैतागून म्हणाली, "अरे, तेच तेच किती वेळा सांगशील? एकदा लिहून ठेव की!" आणि त्याने खरंच लिहून ठेवलं. २०१८ च्या दिवाळीत त्याचं संकेतस्थळ सुरू झालं. मराठीत. शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडे, अर्थात बिनपगारी. मी नोकरीत असल्यामुळे असा जोडधंदा माझ्या नावावर करायचा तर आधी परवानगी लागते. त्यामुळे संकेतस्थळ त्याचं, पैसेही त्याचे, आणि 'र्‍हस्व-दीर्घ' माझे!

आता थोडं गणित करू या. घाबरू नका, चौथीचंच आहे.

या धंद्यात हिशेब दर हजारी असतो. पान हजार वेळा उघडलं गेलं तर किती रुपये आले, हा झाला तुमचा दर. समजा, एका महिन्यात पान १२०० वेळा उघडलं आणि ३० रुपये जमा झाले. मग हजाराला किती? ३० भागिले १२००, गुणिले १०००. म्हणजे २५ रुपये. जमलं?

आता पुढचं उदाहरण. अ‍ॅडसेन्स खात्यात किमान १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. शंभर डॉलर म्हणजे सध्या साधारण नऊ हजार रुपये धरू. हजाराला २५ रुपये या दराने नऊ हजार मिळवायला पान किती वेळा उघडायला हवं? ३ लाख ६० हजार वेळा! महिन्याला हजार वाचक येत असतील तर ३६० महिने. म्हणजे तीस वर्षं! तुमच्या मुलांचं लग्न होईल तोवर. बारा हजार वाचक येत असतील तर मात्र ३० महिने, म्हणजे अडीच वर्षं. दर सगळीकडे सारखा नसतो, तो मी फक्त गणितासाठी धरला आहे. पण 'वेबसाइट काढली की पैसाच पैसा' असं सांगणारे लोक हे गणित कधी करून दाखवत नाहीत, एवढं ध्यानात असू द्या. शिवाय संकेतस्थळाच्या नावाची फी दर वर्षी भरावी लागते आणि ते ठेवायला जागा भाड्याने घ्यावी लागते. कित्येकांचा जमाखर्च त्यातच बरोबर होतो.

जाहिरातदाराने दिलेले सगळेच पैसे मालकाला मिळतात का? नाही. मधे दलाली असते, भाजीबाजारात असते तशीच. गुगलच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे पानावरच्या जाहिरातीसाठी जाहिरातदार शंभर रुपये मोजतो, त्यातले सरासरी ६८ रुपये मालकाच्या वाट्याला येतात.

आणि जाहिरात ठरते कशी? लिलावाने! तुम्ही पान उघडायला बोट टेकवता, आणि पान उघडेपर्यंतच्या त्या क्षणात लिलाव होऊन जातो. 'नेरळचं पान आहे, मराठी आहे, वाचणारा पुण्याचा आहे, कोण किती देतो?' बुटाची कंपनी बोली लावते, तंबूवाला लावतो, हॉटेलवाला लावतो. ज्याची बोली चढी आणि पानाशी जुळणारी, त्याची जाहिरात लागते. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळा कारभार आटोपतो. दिवाळीच्या आधी कंपन्यांकडे खर्चायला पैसे असतात, तेव्हा बोली चढतात. जानेवारीत त्या पडतात. भावाच्या पानाचं तर आणखी वेगळं. त्याचा हंगाम म्हणजे जून ते सप्टेंबर. पाऊस पडला की मुंबई-पुण्याची माणसं धबधबे शोधू लागतात. आमच्याकडे भाताची लावणी आणि त्याच्याकडे वाचकांची लावणी एकाच वेळी!

२०१९ च्या पावसाळ्यात त्याच्या खात्यात साठ-बासष्ट डॉलर जमले होते. ज्या कंपनीकडे त्याने नाव नोंदवलं होतं, तिचाही उंबरठा शंभराचाच. (त्या कंपनीचं नाव इथे सांगत नाही. तिचा काही दोष नव्हता.) भाऊ एकदा माझ्या वर्गात आला होता. माझा चौथीचा वर्ग, पट २६. मुलांनी त्याच्याकडून किल्ल्यांच्या गोष्टी ऐकल्या आणि जाताना तो म्हणाला, "पहिले पैसे आले की तुमच्या वर्गाला गोष्टींची पुस्तकं!"

झालं! मुलं मला रोज विचारू लागली, "बाई, दादाचे पैसे आले का?" आणि एके दिवशी, मधल्या सुट्टीत, मी बोलून गेले, "अरे, लोकांनी जाहिरातीवर बोट दाबलं की पैसे जमतात. लोक दाबतील तेव्हा येतील."

बस. एवढंच बोलले.

पुढच्या आठवड्यात भावाच्या खात्यावरचे आकडे एकदम उडाले. तो खूश. मीही खूश. एका रात्रीत चार डॉलर, दुसऱ्या दिवशी सहा! नवव्या दिवशी त्याला पत्र आलं. इंग्रजीत, चारच ओळींचं. तुमच्या पानावर खोट्या टिचक्या पडत आहेत. तीस दिवस तुमच्या जाहिराती बंद. संशयाचे पैसे जाहिरातदारांना परत.

मी वर्गात विचारलं. सव्वीसच्या सव्वीस हात वर. एक मुलगी अभिमानाने म्हणाली, "बाई, मी आईच्या फोनवरून रोज वीस वेळा दाबत होते." दुसरा म्हणाला, "मी मामाला आणि मावशीला पण सांगितलं." त्यांना वाटत होतं मी शाबासकी देणार. मला त्यांना काय सांगावं तेच कळेना.

यंत्राला कसं कळलं, असं तुम्ही विचाराल. अहो, यंत्राला सोडा, पोराटोरांनाही कळलं असतं. शंभर माणसांनी पान पाहिलं तर जाहिरात दाबणारा त्यात एखादाच असतो. इथे एकाच गावातून, शाळा सुटल्यावर, सव्वीस फोनवरून, पान न वाचताच नुसत्या जाहिराती दाबल्या जात होत्या. तंबूची जाहिरात वीस वेळा दाबणारी मुलगी तंबू काही घेणार नव्हती. मग त्या तंबूवाल्याचे पैसे फुकटच गेले की! तो तंबूवालाही कुठेतरी छोटं दुकान चालवणारा माणूस असेल. ही बाजू माझ्याही डोक्यात तोपर्यंत आली नव्हती. मी मुलांना तीच सांगितली. आमच्या गावातल्या किराणा दुकानदाराने पेपरात घालून पत्रकं वाटायला एका मुलाला पैसे दिले आणि त्याने ती सगळी उल्हास नदीत टाकली, तर? मुलं गप्प झाली. मग ती वीस वेळावाली हळूच म्हणाली, "मग दादाला सांगा, पुस्तकं नकोत."

भावाने कंपनीला उत्तर लिहिलं. मी म्हटलं, 'कुणीतरी खोडी केली' असं लिही. तो म्हणाला, "नको ताई, जे झालं तेच लिहितो." चौथीतल्या मुलांनी पुस्तकांच्या आशेने दाबलं, पुन्हा होणार नाही, असं त्याने सरळ लिहून टाकलं. तीस दिवसांनी जाहिराती पुन्हा सुरू झाल्या. तो खरं बोलल्यामुळे सुरू झाल्या की मुदत संपल्यामुळे, ते काही कळायला मार्ग नाही. खात्यात उरले होते एकेचाळीस डॉलर.

म्हणून आधीच सांगते. स्वतःच्या पानावरची जाहिरात स्वतः कधीही दाबायची नाही, एकदाही नाही, 'बघू तरी कुठे जाते' म्हणूनसुद्धा नाही. घरच्यांना, मित्रांना, वर्गाला 'दाबा' म्हणून सांगायचं नाही. पानावर 'जाहिरात दाबून आम्हाला मदत करा' असं लिहायचं नाही. काही ठिकाणी तर एकदाच चूक झाली तरी खातं कायमचं बंद होतं. आणि आता तर २०२४ च्या सुरुवातीपासून गुगलने मालकांना टिचक्यांवर नव्हे, तर जाहिरात किती वेळा दिसली त्यावर पैसे द्यायला सुरुवात केली आहे.

मोठ्या वर्गातल्या ज्या मुलांना स्वतःचं संकेतस्थळ काढायचं आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आई-बाबांसाठी आता काही कामाच्या गोष्टी.

पहिली म्हणजे वय. अठरा वर्षं पुरी झाल्याशिवाय जाहिरातीचं खातं तुमच्या नावावर निघत नाही. लहान असाल तर आई किंवा बाबांच्या खात्यातून अर्ज करावा लागतो, पैसे त्यांच्या बँकेत येतात आणि जबाबदारीही त्यांचीच. तेव्हा खोटं वय लिहून खातं काढू नका. पैसे द्यायच्या वेळी नाव आणि ओळखपत्र तपासतात, आणि सगळं तिथेच अडकतं. बँकेतलं नाव आणि खात्यावरचं नाव तंतोतंत एकच हवं.

पत्त्याचंही तसंच. अ‍ॅडसेन्समध्ये दहा डॉलर जमले की ते तुमच्या पत्त्यावर सहा आकड्यांचा पिन साध्या टपालाने पाठवतात, कागदाच्या पाकिटात! तो चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती थांबतात. आपल्या वाड्या-पाड्यांवर घर नंबर कुणाला माहीत असतो? म्हणून पोस्टमनदादा ज्या खुणेने घर ओळखतात ती खूण, वाडीचं नाव, मुक्काम-पोस्ट, तालुका आणि पिनकोड असं सगळं लिहा. जमलं तर पोस्टात आधी सांगून ठेवा.

मजकुराविषयी एक सांगते. काही हौशी मंडळी मराठी मजकुराचं सुंदर चित्र बनवून पानावर टाकतात. दिसायला छान, पण यंत्राच्या दृष्टीने ते पान जवळजवळ कोरंच! युनिकोडमध्ये टाईप करा. दुसऱ्याचा मजकूर उचलू नका. भावाचं कोथळीगडाचं अख्खं पान एकाने उचललं होतं, शुद्धलेखनाच्या माझ्या दोन चुकांसकट! त्या चुकांवरूनच पकडला तो. फोटोही स्वतः काढलेले टाका, आणि छोटे करून टाका. डोंगरात फोनला एकच काडी रेंज असते. पान उघडायला मिनिट लागलं तर माणूस कंटाळून जातो, मग तुमची जाहिरात बघणार कोण?

'अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी' नावाची एक छोटी फाईल असते, ती ठेवायला विसरू नका. शाळेत आपण लिहून ठेवतो ना, या मुलाला न्यायला फक्त आजी किंवा काका येतील म्हणून? तसंच. माझ्या पानावरची जागा अमुक कंपनीलाच विकायचा अधिकार आहे, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. २०१७ पासून ही पद्धत आली. त्याआधी दुसऱ्याच्या पानाचं नाव सांगून जाहिराती विकणारे भामटे खूप झाले होते.

जाहिरात लावायची कुठे? जिथे दिसेल पण बोट चुकून पडणार नाही तिथे. 'नकाशा पाहा' या बटणाला खेटून जाहिरात लावली की लोक चुकून दाबतात, चिडतात आणि पुन्हा येत नाहीत. सगळं पान झाकून टाकणाऱ्या जाहिरातींचा तर लोकांना इतका उबग आला की, फेब्रुवारी २०१८ पासून क्रोम ब्राउझर अशा त्रासदायक पानांवरच्या जाहिराती आपणहून अडवू लागला. कुठल्या प्रकारच्या जाहिराती नकोत, हेही मालकाला सांगता येतं. भावाने जुगाराच्या पहिल्या दिवसापासून बंद ठेवल्या. (पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. भाऊ म्हणतो, "बघ, मी संसदेच्या पुढे होतो!")

पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम. 'घरबसल्या जाहिराती पाहा, रोज पाचशे कमवा, आधी हजार रुपये नोंदणी फी भरा' असे निरोप फोनवर येतात. जाहिराती पुरवणारी खरी कंपनी मालकाकडून नोंदणीची फी घेत नाही. कुणी फसलंच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा. आणि मुलांनी काढलेल्या पानावर वर्गमित्रांचे फोटो, घरचे पत्ते नकोत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलं आहे. मुलांच्या मागावर राहून, त्यांच्या आवडीनिवडी टिपून त्यांना जाहिराती दाखवायला त्यात मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. म्हणून संकेतस्थळ लहान मुलांसाठी असेल, तर तसं जाहिरात कंपनीला आधीच कळवायला हवं.

आणखी एक प्रसंग सांगते, नियमांच्या पुस्तकात तो नाही. एका फार्महाऊसवाल्यांनी भावाला फोन केला. त्यांच्यामागच्या धबधब्यावर एक पान लिहायचं, 'कुटुंबासाठी अगदी सुरक्षित' म्हणायचं, त्याचे पाच हजार देतो म्हणाले. तोवर त्याने वर्षभरात मिळवलेल्या पैशांपेक्षा ती रक्कम जास्त होती. पैसे घेऊन लिहिलेल्या मजकुरावर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहावं, असा जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या 'अ‍ॅस्की' या संस्थेचा दंडक आहे. भाऊ म्हणाला, "जाहिरात असं वर लिहीन, पण सुरक्षित हा शब्द लिहिणार नाही. तिथल्या दगडावर मीच घसरलोय." पावसाळ्यात आपल्या तालुक्यांतल्या धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात, ते काही उगीच नाही. फोन ठेवला गेला तो गेलाच. घरात दोन दिवस यावरून वाद झाला. बाबा म्हणत होते, "शब्दच तो, लिहायला काय जातं?" आई काही बोलली नाही, पण तिने त्या दिवशी भावाच्या आवडीचे तांदळाचे घावन केले.

आणि मग १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यात चौकजवळच्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. तुम्ही ऐकलं असेल, काहींच्या नात्यातलीही माणसं गेली असतील. सकाळपासून सारा महाराष्ट्र 'इर्शाळगड' हा शब्द शोधत होता, आणि भावाचं इर्शाळगडाचं पान होतंच. एका दिवसात महिन्याभराएवढे वाचक. त्याने मला फोन केला, "ताई, तू पान उघडून बघ." मी उघडलं. वाडीत जेवण देणाऱ्या घरांची माहिती, आणि तिच्या शेजारी जाहिरात, 'डोंगराच्या कुशीत तुमचं स्वप्नातलं घर'.

यंत्राला काय कळणार? त्याने 'डोंगर', 'वाडी', 'घर' एवढंच वाचलं होतं. भावाने तासाभरात त्या पानावरच्या सगळ्या जाहिराती काढल्या. कसं जायचं ती वाट काढली. 'कृपया बघायला येऊ नका, रस्ता मदतीच्या गाड्यांसाठी मोकळा ठेवा' एवढंच वर ठेवलं. त्या पानावर आजही जाहिरात नाही.

पुस्तकांचं काय झालं, हे विचाराल ना? सांगते. २०१९ चे ते एकेचाळीस डॉलर हळूहळू साठ झाले, आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. डोंगरावर जायला कुणी घराबाहेरच पडेना. लोकल बंद, एस.टी. बंद, वाचक बंद. काही महिन्यांत तर आकडा पैशांतसुद्धा हलला नाही. भावाने त्या काळात पानं दुरुस्त केली, सव्वीस नवी लिहिली. सव्वीसच का, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. २०२१ च्या पावसाळ्यात माणसं थोडी थोडी परतली. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये, सुरुवातीपासून मोजलं तर पावणेचार वर्षांनी, त्याच्या बँकेत पहिले पैसे आले. बँकेने आपलं शुल्क कापून घेतलंच होतं.

तोवर माझी ती चौथीची मुलं सातवीत गेली होती, पलीकडच्या गावच्या शाळेत. पुस्तकांचं खोकं मी वर्गात फोडलं आणि निरोप धाडला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अकरा जण आले, काही सायकलवर, काही चालत. उंच झालेली, आवाज बदललेले. आत्ताच्या चौथीची मुलं पुस्तकांभोवती गर्दी करून होती, आणि ही दारातच उभी. वीस वेळा दाबणारी मुलगी पुढे आली, एक पुस्तक उचललं, आधी मागच्या पानावरची जाहिरात पाहिली आणि हात झटकन मागे घेतला.

"बाई," ती म्हणाली, "हिला हात लावला तर चालतो ना?"

सगळा वर्ग हसला. मग ती दारातच खाली बसली आणि वाचू लागली.